पंधरा टेबलांचं भाडं कोण भरणार?

पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं संकुल उभारायचं का, हा वाद २०१८ पासून मी इथे झुरिकमध्ये बसून वाचते आहे. दोन्ही बाजूंनी बोललं जातं ते आसनं, पार्किंग आणि वारसा यांबद्दल. बाहेरचा कट्टा आणि कँटीन, जिथे तालीम संपल्यावर एका चहावर दोन-दोन तास नाटकाची चिरफाड चालते, त्यांची बाजू फारसं कुणी मांडत नाही. मला तीच मांडायची आहे.

इथल्या जुन्या भागात स्पीगेलगासे नावाची चढणीची अरुंद गल्ली आहे. ५ फेब्रुवारी १९१६ रोजी तिथल्या १ नंबरच्या घरात ‘कॅबरे व्होल्टेर’ सुरू झालं. कॅबरे म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातला नाच आठवतो. इथे मात्र कविता होत्या, पियानो होता, मुखवटे होते, भिंतींवर चित्रं होती. चालवणारे दोघेही जर्मनीतून आलेले: ह्यूगो बॉल आणि एमी हेनिंग्ज. रुमानियाचे कवी त्झारा आणि चित्रकार यान्को, आल्सेसचा कलाकार आर्प, सगळे पहिल्या महायुद्धापासून दूर आलेले. सोळाच दिवसांनी तिकडे फ्रान्समध्ये व्हर्दंची लढाई पेटली. कलेचे रूढ नियम धुडकावणारी ‘दादा’ चळवळ जन्मली ती या खोलीत.

खोली म्हणजे काय, तर एका खानावळीचा मागचा भाग. पंधरा-वीस टेबलं आणि छोटंसं स्टेज. मालक यान एफ्राइम हा जुना डच खलाशी. बियर आणि सॉसेजचा खप वाढवून देतो, असं बॉलने त्याला सांगितलं आणि त्याने जागा दिली. या इतिहासात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा व्यवहार. कलेतलं काही कळो न कळो, बसू देणारा एक माणूस लागतो.

त्याच जूनमध्ये बॉल पुठ्ठ्याचा पोशाख घालून उभा राहिला. पायांभोवती निळ्या चकचकीत नळकांड्या, खांद्यावर आतून लाल, बाहेरून सोनेरी अशी मोठी कॉलर, डोक्यावर उंच पट्ट्यांची टोपी. चालताच येईना, म्हणून अंधारात त्याला उचलून स्टेजवर आणलं. त्याने म्हटल्या त्या कुठल्याच भाषेत नसलेल्या शब्दांच्या कविता. म्हणता म्हणता आवाजाला चर्चमधल्या प्रार्थनेचा सूर लागला, असं त्याने स्वतःच नोंदवलंय. हा प्रयोग मोठ्या नाट्यगृहात झाला नसता. तिथे आधी तिकिटं खपावी लागतात.

आणि एमी. रंगमंचावर मुरलेली, गाऊन पोट भरलेली कलावंत. स्थानिक वर्तमानपत्राने या कॅबरेची तारका म्हणून गौरवलं ते तिला. पुस्तकांत पुढे पानंच्या पानं मिळाली ती पुरुषांना. लावणीच्या बारीवर उभी राहणारी बाई गावाला तोंडपाठ आणि इतिहासात तिचं नाव नाही, हे आपल्याला नवं नाही. म्हणून इथे ते आवर्जून लिहिते.

पाच महिन्यांत सगळं आटोपलं. पुढे ते घर एका विमा कंपनीकडे गेलं. २००२ मध्ये काही कलाकार त्यात घुसून राहिले, आणि २००४ मध्ये पालिकेच्या मदतीने दार पुन्हा उघडलं. मग प्रश्न आलाच: करदात्यांच्या पैशातून हे चाळे कशाला? २००८ मध्ये शहराने त्यावर मतदान घेतलं आणि मदत चालू ठेवायचा कौल आला. झुरिकला मी डोक्यावर घेत नाही. इथे साधी कॉफी पाच फ्रँकांच्या घरात जाते, आणि खिशात पैसे नसलेल्या कवीला आज बसायला जागा मिळणं अवघड आहे. पण प्रश्न उघडपणे विचारला गेला आणि लोकांनी उत्तर दिलं, याचा मला हेवा वाटतो.

मुंबईत जहांगीर कलादालनातलं सामोवार हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झालं, तेव्हा आपण किती हळहळलो! आठवणी निघाल्या त्या बहुतेक खाण्याच्या. चित्र न विकलेल्या मुलाला तिथे दुपारभर बसता येत होतं, ती सोय गेली. तिच्या जागी दुसरी सोय करा, असं पालिकेला खडसावून सांगणारे आवाज कमी पडले.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून एक मित्र आला होता. नाटकांची प्रकाशयोजना करतो. स्पीगेलगासेतल्या त्या खोलीत त्याने आधी छत पाहिलं, मग पावलांनी लांबी मोजली. ‘‘एवढ्यात होतं की गं,’’ म्हणाला. पुण्यात पुढचा आराखडा लोकांपुढे येईल तेव्हा त्यात कँटीन किती पावलांचं, चहा केवढ्याला आणि रात्री किती वाजेपर्यंत बसू देणार, हे आधी विचारा.