रुळांमधील अंतराचाही विचार व्हावा
मुंबईतील लहान घरात मॉडेल रेल्वे उभारायची तर १:८७ हे एचओ प्रमाण, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे मॉडेल, सोयीचे, हे या विषयावरील लेखातील मत मला पटते. मात्र या प्रमाणाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी (गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर) असतात, आणि आपली लोकल १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर धावत असल्याने तिला सुमारे १९.३ मिलिमीटर अंतर हवे, हे सांगायचे राहून गेले. समोरून पाहताना हा फरक फार खटकतो. म्हणून भायखळ्याचा फलाट करताना मी रूळ स्वतः जोडले, चाळलेली खडी पाणी घातलेल्या फेविकॉलचे थेंब सोडून बसवली आणि रुळांच्या कडांना गंजाचा तपकिरी रंग दिला. रुळांचा माथा मात्र घासून लखलखीत ठेवला, कारण मॉडेलमधील इंजिनाच्या चाकांना वीज तिथूनच मिळते.