जमीन दोन बोटं उरली

स्वर्ग दोन बोटं उरणं म्हणजे काय, ते मला ठाऊक नाही. जमीन दोन बोटं उरणं म्हणजे काय, ते मात्र गेले सात महिने मोटारसायकलवर बसून रोज सकाळी सोलापुरात सात रस्ता चौकाच्या सिग्नलला अनुभवतोय.

माझी उंची पाच फूट चार इंच. लग्न जुळवताना पाच-सहा सांगितली होती. सासरच्यांनी भलेपणाने तो विषय अजून काढलेला नाही. या उंचीचा मला कधी त्रास झाला नाही, कारण २०२१ पासून माझ्याकडे रॉयल एन्फिल्डची मीटिअर ३५० होती, म्हणजे बुटक्या सीटची, ऐसपैस क्रूझर मोटारसायकल. क्रूझरवर माणूस बसत नाही, विराजमान होतो. पाय पुढे सोडलेले, हात सैल, पाठ टेकवायला लोड तेवढा नाही. सिग्नल लागला की दोन्ही टाचा जमिनीवर भक्कम रोवायच्या आणि शेजारच्या स्कूटरवाल्याकडे इनामदारासारखं बघायचं.

मग कुठं बिनसलं? एक तर कंबर. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला तरी बूड उचलता येत नाही. खड्डा थेट मणक्यात जमा होतो, आणि सोलापुरात पाच वर्षांत बऱ्यापैकी ठेव साठते. दुसरं म्हणजे जुळे सोलापुरातले गल्लीतले स्पीडब्रेकर. त्यांची उंची ज्याच्या घरासमोर ते आहेत तो ठरवतो, आणि आमच्या गल्लीत सगळे हौशी आहेत. बायको मागे बसली की गाडीचं पोट ब्रेकरला घासून असा आवाज यायचा, की दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडायच्या. बायको म्हणायची, "हे माझ्यामुळे नाही." मी कधीच काही बोललो नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली आहेत.

तिसरं कारण खरं. रात्री जेवण झाल्यावर मी लडाख-स्पितीचे व्हिडिओ बघायला लागलो होतो. नदीतून गाड्या घालणारी माणसं, धुळीने माखलेली, पेट्या लावलेली. मला जायचं असतं अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, हिशेब लिहायला. पण कुठं जायचं यापेक्षा कशावरून जायचं हा प्रश्न पुरुषाला चाळिशीनंतर छळतो. शेवटी मीटिअर मेव्हण्याला दिली आणि त्याच कंपनीची, डोंगरदऱ्यांत घालायची उंच हिमालयन ४५० बुक केली.

मी हिशेबातला माणूस. आकडे न बघता घेतली असं नाही. मीटिअरची सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटर, हिमालयनची ८२५. मीटिअरच्या पोटाखाली १७० मिलिमीटर मोकळे, हिमालयनच्या २३०. दोन्हीकडे फरक बरोबर साठचा. पोट साठने वर जाणार, मग बूडही साठने वर जाणारच, ताळेबंद जुळला! वजन १९१ किलोचं १९६ झालं, म्हणजे पाच किलो जास्त. तेवढी तर शेंगा चटणी आम्ही पुण्याला नातेवाइकांकडे हातात घेऊन जातो. पण ते किलो किती आहेत यापेक्षा कुठं आहेत याला महत्त्व असतं, हे बॅलन्सशीटमध्ये येत नाही. क्रूझरचं वजन गुडघ्याखाली झोपलेलं असतं. या गाडीत १७ लिटर पेट्रोल माझ्या बरगड्यांसमोर उभं असतं आणि जरा तिरपं झालं की खाली यायची घाई करतं.

शोरूममध्ये बसून बघितलं तेव्हा मी मुद्दाम जाड तळाचे बूट घालून गेलो होतो. "टेकतात की सर पाय!" असं तिथला पोरगा म्हणाला. टेकत होते, बोटं. गाडी मात्र मुळीच डगमगली नाही. त्याने मागून कॅरिअर धरून ठेवलं होतं, हे मला बायकोनं घरी आल्यावर सांगितलं. बुटकी सीट वेगळी मिळते, असंही तो हळूच म्हणाला होता. शोरूममध्ये आणखी चार गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "छे, कशाला!"

दुसऱ्या दिवसापासून कळलं, की मोटारसायकल चालवणं अवघड नाही. थांबणं अवघड आहे. चालत्या गाडीवर मी राजा असतो. समोरचं २१ इंची चाक खड्डा गिळून ढेकरही देत नाही. पण सिग्नल पिवळा झाला की पोटात गोळा येतो. डावीकडे फूटपाथची कड आहे का? दगड आहे का? गेला बाजार दुभाजक तरी? सोलापूरचा माझा नकाशाच बदलला. पूर्वी मला नवी पेठ, विजापूर वेस, पार्क चौक असं गाव दिसायचं. आता पाय टेकायला उंचवटा असलेले चौक आणि नसलेले चौक, एवढंच दिसतं. आसरा चौकाकडून येताना एका ठिकाणी डांबराचा एक गोळा रस्त्याच्या कडेला वाळून टणक झाला आहे. तो माझा. पुढे रिक्षा थांबलेली असली, तर मी मागे हॉर्न वाजवतो.

कारखान्यात एक जण जुना गाडीवाला आहे. त्याने युक्ती सांगितली. "दोन्ही पायाची बोटं टेकवायचं सोड बे. एक कुल्ला सीटवरून खाली घे, डावा पाय अख्खा टेकव, उजवा ब्रेकवर राहू दे." युक्ती शंभर टक्के खरी आहे. दोन अर्ध्या पायांपेक्षा एक पूर्ण पाय बरा. फक्त त्या अवस्थेत माणूस रुबाबदार दिसत नाही. एसटीत तिसऱ्या सीटवर टेकलेला दिसतो. शिवाय युक्ती वापरायला थोडा अवधी लागतो, आणि सोलापुरात तो मिळत नाही. इथं ओळखीचा माणूस हात दाखवून थांबवत नाही. पाठीमागून "का बे!" म्हणून ओरडतो, आणि आपण गचकन ब्रेक लावतो.

पार्क चौकाजवळ तेच झालं. चहाच्या गाड्यापाशी कुणीतरी "का बे" केलं, मी थांबलो, डावा पाय खाली सोडला. पाय जात राहिला. तिथं रस्ता गटाराकडे उतरता होता, एरवी दोन बोटं लांब असणारी जमीन त्या जागी चांगली वीतभर लांब होती. पायाला ती भेटेपर्यंत गाडीने निर्णय घेतला होता. अशा वेळी पडणं धाडकन होत नाही, सावकाश होतं. विचार करायला भरपूर वेळ मिळतो. हप्ते किती राहिले, पँट कुठली घातली आहे, समोरच्या बाकावर कोण बसलं आहे, सगळं आठवून झालं आणि मग मी व्यवस्थित आडवा झालो.

चहा सोडून लोक धावले. कुणी तेलुगूत हळहळलं, कुणी कन्नडमध्ये "अय्यो" म्हणालं, आणि शुद्ध सोलापुरीत एक म्हातारबाबा म्हणाले, "एवढी उंच गाडी कशाला घेतलास बे? उतरायला शिडी दिलेत का नाही?"

गाडी उचलायची शास्त्रशुद्ध रीत मी व्हिडिओत पाहिली होती. सीटला पाठ लावायची, बूड खाली, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची पकड धरायची आणि पायांच्या जोरावर एकेक पाऊल मागे सरकत गाडी उभी करायची. मी रीतसर पाठ लावून बसलो. लोकांना वाटलं मला चक्कर आली. एकानं पाणी दिलं, दुसऱ्यानं कांदा आणायला पोरगं पिटाळलं, आणि तेवढ्यात चौघांनी गाडी हातोहात उभी केली. मी कांदा हुंगून निघालो.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं ती उंचच्या उंच काठी तोलत चालतात. लहानपणापासून बघत आलो, पण या वर्षी पहिल्यांदा मी काठीच्या शेंड्याकडे न बघता त्यांच्या पायांकडे बघत होतो. सगळं अख्खं पाऊल टेकत होतं. शिवाय ते यात्रेआधी काही दिवस सराव करतात. मी शोरूममधून थेट मिरवणुकीत आलो होतो.

बाकी गाडी झकास आहे, हे कबूल करायला हवं. ब्रेकर आला की फूटरेस्टवर उभं राहायचं, गाडी खालून निघून जाते आणि कंबरेला पत्ता लागत नाही. मणक्यातली ठेव आता बरीच कमी झाली आहे. फक्त गल्लीतून उभ्याने जाताना लोक मला कुणीतरी पुढारी समजून हात करतात. मी करू शकत नाही. हात सोडला तर कुठं टेकू?

उरला प्रश्न आईचा. तिला दर वर्षी तुळजापूरला न्यावं लागतं, जवळपास ४५ किलोमीटर, आणि तिला मोटारीत मळमळतं. नऊवारी नाही, गोल साडी नेसते, पण बसणार एका बाजूलाच. गाडी बघून ती म्हणाली, "मी काय झाशीची राणी आहे का?" शेवटी शेजारच्या बांधकामावरून मोठा दगड आणून फाटकाशी ठेवला. मी आधी दगडावरून चढलो, मग तिला चढवलं. वर बसल्यावर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अगं बाई! पलीकडचीनं पापड वाळत घातलेत. मला म्हणाली यंदा करणार नाही."

तुळजापूरपर्यंत तिनं मला कुंपणापलीकडचं सगळं सांगितलं. कुणाच्या रानात ज्वारी उभी आहे, कुणाच्या अंगणात भांडण चाललंय. पोचल्यावर लक्षात आलं, की चढायचा दगड सोलापुरात राहिलाय.

मी पार्किंगला तीन फेऱ्या मारल्या. ओटा नाही, पायरी नाही. आई मागून म्हणाली, "प्रदक्षिणा आत गेल्यावर घालू." शेवटी एका नारळवाल्यानं बघितलं. रिकामं प्लास्टिकचं क्रेट उपडं करून गाडीशी सरकवलं, आईचा हात धरला, म्हणाला, "या मावशी, सावकाश."

आई उतरली. पदर सारखा करून नारळ निवडायला लागली. नारळवाल्यानं माझ्या हवेत लोंबणाऱ्या पायाकडे एकदा बघितलं, आणि काही न बोलता ते क्रेट आणखी वीतभर पुढं ढकललं.