स्लिम का घेतलंत?

आमच्या कॉम्प्युटरचं झाकण आज नववा दिवस उघडं आहे. आत साडेसहा हजारांचं ग्राफिक कार्ड एका अंगाने स्लॉटमध्ये आणि दुसऱ्या अंगाने रिकाम्या काडेपेटीवर टेकवून ठेवलंय. मागे कुणी पेन ड्राइव्ह लावायला गेलं की एचडीएमआयची वायर हलते, वायरीबरोबर कार्ड हलतं आणि स्क्रीन काळा होतो. मग आतल्या खोलीतून आवाज येतो, "बाबाऽऽ, परत गेलं." आणि हे सगळं बोटभर लांबीच्या एका पत्र्याच्या पट्टीपायी.

आधीचं पटकन सांगतो. दोन वर्षांपूर्वी साडेबारा हजारात रिफर्बिश्ड स्लिम डेस्कटॉप घेतला. कुठल्यातरी ऑफिसने भंगारात काढलेला, अजून त्याच्यावर त्यांचा नंबराचा स्टिकर आहे. चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, २४० वॅटचा पॉवर सप्लाय, कार्ड खोचायला एक लांब स्लॉट, एक बुटका स्लॉट, आणि बुटक्यात वायफायचं कार्ड, कारण ऑफिसच्या मशीनला वायफाय नसतंच. मुलगा आठवीत. त्याचा गेम ह्या मशीनवर असा चालायचा की शत्रू गोळी झाडायचा आणि आपण पाणी पिऊन येईपर्यंत ती पोचायची नाही. म्हटलं ग्राफिक कार्ड टाकू. त्यात काय, चार स्क्रू.

तर त्यात काय ते ऐका. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. मोठ्या कार्डांना वरून वेगळी वायर लागते, ती ह्या पॉवर सप्लायला नाही, आणि पॉवर सप्लाय बदलू म्हटलं तर त्याचा आकार आणि प्लग जगावेगळा, बाजारातला साधा बसतच नाही. कॅबिनेट स्लिम म्हणून कार्ड अर्ध्या उंचीचं पाहिजे. आणि जाडीला पण एकाच स्लॉटचं, कारण दोन स्लॉटांचं घेतलं की ते शेजारच्या वायफायवर मांडी घालून बसतं. नेटवर शोधलं तर आरएक्स ६४०० नावाचं कार्ड ह्यात बसतं, पण त्याला बजेट पण पाहिजे, आणि ते फक्त चार लेनवर (डेटा जायच्या वाटांवर) चालतं, म्हणजे आमच्यासारख्या जुन्या बोर्डावर अजून हळू. राहता राहिलं जीटी १०३०. त्यातही एकाच नावाची दोन कार्डं. २०१७ साली आलं ते जीडीडीआर५ मेमरीचं, मग २०१८ मध्ये साध्या डीडीआर४ चं काढलं, मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ च्या आसपास, नाव तेच! म्हणजे हापूसच्या पेटीत तोतापुरी भरायचा आणि वर लिहायचं, आंबाच आहे की.

असो. शनिवारी कॅबिनेट मोठ्या पिशवीत घातलं आणि डोंबिवलीहून निघालो. दादरला उतरून, बदलून, स्लो पकडून ग्रँट रोड. तिथून लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार. लॅमिंग्टन रोडचं खरं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ते पाटी सोडली तर कुणाच्या तोंडात नाही. १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या माणसाच्या नावाने आपण अजून रॅम घेतो. चार वर्षांत त्याने काय केलं मला माहीत नाही, पण शंभर वर्षं टिकला, माझा पॉवर सप्लाय दोन टिकेल का बघा.

पहिल्या तीन दुकानांत कॅबिनेट पिशवीतून अर्धं बाहेर आलं की माणूस हात हलवायचा. चौथ्यात मालकाने निदान झाकण उघडलं. आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "साब, स्लिम है ये." जसं काही मला कळलंच नव्हतं, मी आपला दोन वर्षं जाड समजून वापरत होतो. मग म्हणाला, दो स्लॉटवाला अच्छा आता है, वायफाय निकाल दो. मी म्हटलं मग नेट कसं चालवू? म्हणाला, वायर खींच लो ना. राऊटर बेडरूममध्ये, कॉम्प्युटर स्वयंपाकघराला लागून. मध्ये देवघर आणि सासूबाई. वायर कुठून खेचू?

तेवढ्यात बाजूने आवाज आला, "स्लिम का घेतलंत?"

सत्तरीचे एक काका. खिशाला दोन पेनं, हातात बँकेची कापडी पिशवी. गिरगावात राहतात हे पहिल्या मिनिटात कळलं आणि कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतं म्हणून बटणाएवढा सेल घ्यायला आलेत हे दुसऱ्या.

"जागा कमी आहे हो घरात," मी म्हटलं.

"जागा कशाला लागते? टेबलाखाली ठेवायचा."

"टेबलाखाली पिठाचा डबा आहे."

"मग पिठाचा डबा स्लिम घ्यायचा."

ह्याच्यावर काय बोलणार? खरं सांगतो, गेले नऊ दिवस मी ह्याचं उत्तर शोधतोय आणि मुद्दा बरोबर आहे की काय अशी शंका येते.

इथून पुढे गिऱ्हाईक मी राहिलोच नाही. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पॉवर सप्लायवरचं लेबल खणखणीत आवाजात वाचायला घेतलं, व्होल्ट, अँपिअर, कुठे बनला, काय करू नका. रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली. मग म्हणाले, "ग्राफिक कशाला पाहिजे? डिझाइनचा व्यवसाय आहे का?" म्हटलं मुलाला गेम खेळायला. "कितवीत आहे?" आठवीत. काका दुकानदाराकडे वळून म्हणाले, "आठवी!" आणि दुकानदाराने पण मान हलवली, हा तोच माणूस ज्याच्या काउंटरवर गेमच्या रंगीत खोक्यांचा डोंगर होता.

कार्ड निघालं. जीडीडीआर५, मी खोक्यावर दोनदा वाचून खात्री केली, त्या दिवसाचा माझा एकमेव विजय. दुकानदार म्हणाला साडेछे. मी म्हटलं छे में दो. दुकानदार जरा विचारात पडला, मी ती पापणी हललेली पाहिली होती, अजून अर्धं मिनिट गेलं असतं तर सव्वासहाला आला असता. आणि काका म्हणाले, "सहाला कसं देईल तो? त्याला भाडं नाही का? आणि तुम्ही डोंबिवलीहून हे धूड घेऊन आलात, रिकाम्या हाताने जाणार आहात थोडेच!" दुकानदाराला मराठी उत्तम येत होतं. पापणी परत जागेवर. साडेछे. ह्याच काकांनी स्वतःच्या सेलसाठी चाळीसचे तीस करायला वीस मिनिटं घालवली, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही, हा माझा स्वभाव.

खरं तर राग काकांवर नाहीच (आहे, पण तो पुढे). स्वस्तातली मशीन बनवणाऱ्या लोकांचं एक ठरलेलं असतं की ह्याला पुढे कधी काही जोडायची इच्छाच होऊ नये. २००३ साली वडिलांनी मला असेंबल्ड घेऊन दिला होता, ८४५ जीएल चिपसेटचा. एजीपी, म्हणजे तेव्हाचा ग्राफिक कार्डाचा स्लॉट, १९९७ पासून बाजारात होता, आणि माझ्या बोर्डावर एजीपीची जागा आखलेली, भोकं पाडलेली, फक्त स्लॉट बसवलेला नव्हता. नाट्यगृहात खुर्चीचा नंबर आहे, खुर्ची नाही. त्या भोकांकडे बघत मी इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली. मित्र गेम खेळायचे, मी पत्ते. जवळजवळ वीस वर्षं नोकरी केली, घराचा हप्ता भरतोय, आणि अजून मी एका स्लॉटसाठी लोकांच्या काउंटरवर कॅबिनेट उघडून उभा आहे. जाऊ दे.

तर काका. "वस्तू दुकानातच बघून घ्यावी," म्हणत त्यांनी खोकं माझ्या आधी उघडलं. कार्ड काढलं, वास घेतला. सीडी काढली. "सीडी दिलीय, ड्राइव्ह आहे का तुमच्याकडे?" स्लिमची नाजूक पातळ ड्राइव्ह असते, ती बंद आहे. "नाही ना? मग?" मग माहितीपुस्तिका. एकेका भाषेवर बोट ठेवत गेले. "मराठी नाही," असं ते शेवटी इतक्या दुःखाने म्हणाले की मला पण वाईट वाटलं, आणि ते दुःख खरंच होतं, म्हणून मी जरा विरघळलो. तिथेच चुकलो. कारण प्लास्टिकची एक छोटी पुडी काउंटरवर पडली होती आणि मी काही म्हणायच्या आत काका म्हणाले, "द्या इकडे, तुम्हाला नीट भरता येणार नाही," आणि सगळं त्यांनी भरलं. जाताना माझा नंबर घेतला. कार्ड बसलं की कळवा म्हणाले.

घरी आलो. कार्डाला कारखान्यातून लावलेली असते ती मोठ्या कॅबिनेटची पट्टी, १२ सेंटिमीटरची. स्लिमला लागते ती ८ सेंटिमीटरची, ती खोक्यात सुटी येते. खोकं उलटं केलं. कार्डाचा फोम उचकटून पाहिला. पुस्तिका झटकली. मुलगा म्हणाला, "बाबा, लो प्रोफाइल ब्रॅकेट विसरलास?" बायको म्हणाली, "तरी मी म्हणत होते, स्लिम का घेतोयस." तिने हे कधीही म्हटलं नव्हतं. मोठी पट्टी काढून टाकली आणि कार्ड तसंच बिनपट्टीचं खोचलं, त्याला धरायला काहीच नाही, म्हणून ती काडेपेटी. "रिकामी आहे ना नक्की?" हे दिवसातून दोनदा विचारलं जातं.

दुकानदाराला फोन केला. "साब, पट्टी थी. अंकल ने निकाली थी ना." सुटी पट्टी मिळेल का? "अकेली पट्टी कौन बेचता है साब."

मग काकांना मेसेज टाकला. सोमवारी उत्तर म्हणून गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. मंगळवारी सूर्य. बुधवारी मी जरा स्पष्ट लिहिलं की काका, प्लास्टिकच्या पुडीत एक पत्र्याची पट्टी होती, चुकून तुमच्या पिशवीत आली का बघता का. गुरुवारी कमळ. शुक्रवारी एक फोटो आला. दाराच्या चौकटीला दोन स्क्रूंनी ठोकलेली माझी पट्टी आणि तिच्यावर अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा. खाली लिहिलं होतं, "ही का? अगदी मापाची बसली. तुम्हाला लागणार होती का?"

हो म्हणून कळवलं. विचार करायला त्यांनी दोन दिवस घेतले. आज सकाळी मेसेज आला की मंगळवारी चारनंतर या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, स्क्रू ड्रायव्हर तुमचा आणा. लगेच दुसरा आला, की येताना त्या दुकानातून एक सेल घेऊन या, आधीचा चालला नाही, आणि चाळीस सांगेल, तीसच द्या.