सायंकाळी ठीक सहा वाजता

निमंत्रणपत्रिकेवरचा ‘ठीक’ हा शब्द नेमके कोणते काम करतो, या एका प्रश्नावर माझ्या निवृत्तीची तीन वर्षे खर्ची पडली आहेत. ‘सायंकाळी ६ वाजता’ एवढे छापले तरी माणसाला कळते. पण आमच्या शहरातील विद्यापीठ ‘सायंकाळी ठीक ६ वाजता’ असे छापते आणि त्याखाली ‘कृपया दहा मिनिटे आधी स्थानापन्न व्हावे’ अशी विनंतीही न चुकता करते. बँकेत पस्तीस वर्षे काढल्यामुळे छापील अक्षरावर विश्वास ठेवण्याची खोड मला जडलेली आहे. मी पाच पन्नासला स्थानापन्न होतो. त्या वेळी सभागृहात माझ्या सोबतीला तीनशे खुर्च्या, व्यासपीठावर एक समई आणि फलकावरच्या पाहुण्यांच्या आडनावातील वेलांटी बदलणारा एक मुलगा, एवढीच मंडळी असतात.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर ‘आगामी कार्यक्रम’ अशी यादी लागते. जाहीर व्याख्याने, शास्त्रीय गायनाची मैफल, कविसंमेलन, छायाचित्रांचे प्रदर्शन, कधी एखादी एकांकिका. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘प्रवेश विनामूल्य व सर्वांसाठी खुला’. त्या यादीचे छायाचित्र काढून आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याचे काम मी स्वेच्छेने करतो आणि इमारतीतील चाळीस कुटुंबे त्यावर हात जोडल्याची चिन्हे टाकून घरीच राहतात. आमच्या घरात मात्र ही यादी गांभीर्याने घेतली जाते. हिने ती फ्रिजवर लावून माझ्या जाण्याच्या तारखांना लाल गोल केलेले असतात. “तुम्ही घरात असलात की फोडणीत लक्ष घालता,” एवढेच तिचे म्हणणे. विषय कोणताही असो, कार्यक्रम किमान दोन तास चालावा, इतकीच तिची विद्यापीठाकडून अपेक्षा असते आणि विद्यापीठाने ती आजवर कधीही अपुरी ठेवलेली नाही.

वास्तविक ही परंपरा मोठी आहे. विद्यापीठातले ज्ञान विद्यापीठात न जाणाऱ्यांपर्यंत पोहोचावे म्हणून केंब्रिजने १८७३मध्ये गावोगावी व्याख्याने सुरू केली. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५मध्ये, म्हणजे अवघ्या दोन वर्षांनी. पुढे आपल्याकडच्या विद्यापीठांनी याच कामासाठी विभाग काढले आणि त्यांना ‘बहिःशाल’ असे भारदस्त नाव दिले. शाळेच्या बाहेरचे ते बहिःशाल, हे मला ठाऊक होते, रिक्षावाल्याला नव्हते. पहिल्या दिवशी मी त्याला “बहिःशाल विभाग” असे सांगितले, तेव्हा तो विसर्गापाशी थोडा थांबला आणि म्हणाला, “शालींचं दुकान का, काका?” मी त्याला सुधारले खरे, पण त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत ज्या सात शाली वाटल्या गेल्या त्या पाहता, तो चुकला होता असे मी आता छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

‘सर्वांसाठी खुला’ असलेला कार्यक्रम विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी काही काळ बंद असतो. तेथील सुरक्षारक्षकाने मला विचारले, “कोणाला भेटायचंय?” मी म्हणालो, “व्याख्यान ऐकायचंय.” तो म्हणाला, “ते कळलं, पण भेटायचंय कोणाला?” मी वक्त्यांचे नाव सांगितले. त्यांची आणि माझी ओळख आहे का, असे त्याने विचारले. ती होण्यासाठीच निघालो आहे, हे उत्तर त्याला संशयास्पद वाटले असावे, कारण त्याने माझ्या पिशवीतील पाण्याची बाटली उघडून वास घेतला. शेवटी नोंदवहीत नाव, गाव, गाडीचा क्रमांक (रिक्षाचा लिहिला) आणि ‘भेटीचे कारण’ हे रकाने भरून मी आत शिरलो. कारणाच्या रकान्यात मी ‘ज्ञान’ असे लिहिले. माझ्या वरच्या ओळीत ‘मुंग्यांची फवारणी’ असे होते आणि त्या गृहस्थांना कोणीही अडवलेले दिसत नव्हते.

समईचे प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझ्या पुढच्या आयुष्याला दिशा मिळाली ती त्यातूनच. समई घासूनपुसून लख्ख होती, तेल होते, वाती होत्या, सभोवती झेंडूच्या पाकळ्यांची रांगोळी होती. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने अंधार, प्रकाश, अज्ञान आणि ज्ञान यांच्यावरची चार वाक्ये म्हणून मान्यवरांना दीपप्रज्वलनाची विनंती केली. पाच मान्यवर उठले, समईभोवती उभे राहिले, सर्वांत ज्येष्ठ मान्यवरांच्या हाती मेणबत्ती देण्यात आली आणि काडेपेटी नाही असे लक्षात आले. तीनशे आसनांच्या त्या सभागृहात तोपर्यंत साठ माणसे जमली होती आणि त्यांपैकी एकाच्याही खिशात काडेपेटी नव्हती, निदान कुलगुरूंसमोर तरी नव्हती. दुसऱ्या रांगेतील एका प्राध्यापकांचा हात सवयीने खिशाकडे गेला, तेवढ्यात त्यांची नजर व्यासपीठाकडे वळली आणि खिशातून रुमाल बाहेर आला. शिपाईमामा धावत उपाहारगृहात गेले आणि गॅस पेटवायचे लायटर घेऊन आले, ज्यातून नुसती ठिणगी पडते. ठिणगीने मेणबत्ती पेटत नाही, हे पहिल्या मान्यवरांच्या लक्षात आले. पण बाकीच्या चौघांनीही ते प्रत्यक्ष प्रयोगाने पडताळून पाहिले आणि छायाचित्रकाराने प्रत्येकाचा प्रयत्न स्वतंत्रपणे टिपला. अखेर मला अडवणाऱ्या त्या सुरक्षारक्षकाकडूनच काडेपेटी आली. समई पेटली, टाळ्या झाल्या, वरच्या पंख्याने समई विझली, पंखा बंद झाला, समई पुन्हा पेटली आणि त्यानंतरचा सारा कार्यक्रम आम्ही घामाने निथळत पाहिला. त्या दिवसापासून मी पिशवीत चष्म्याशेजारी एक काडेपेटी ठेवू लागलो.

व्याख्यान होते इनामगावच्या उत्खननावर. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८पासून १९८३पर्यंत खोदकाम करून ताम्रपाषाण युगातील एक आख्खे गाव उजेडात आणले, हे मी कधीतरी वाचले होते आणि त्याविषयी जाणकाराच्या तोंडून ऐकण्याची मला खरोखर ओढ होती. तत्पूर्वी स्वागत झाले. प्रास्ताविक झाले. स्वागत ज्यांनी केले त्यांचा सत्कार झाला. मग वक्त्यांचा परिचय करून देणारे गृहस्थ उठले आणि त्यांनी खिशातून घडीचे कागद काढले. वक्त्यांचा जन्म, शाळा, त्यांना दहावीत मिळालेले संस्कृतचे गुण, परिसंवादांतील सहभाग आणि ‘त्यांच्याविषयी मी काय बोलावे’ अशी तीनदा आलेली शंका, असा तो परिचय घड्याळी बावीस मिनिटे चालला. त्यानंतर अध्यक्षांना दुसऱ्या कार्यक्रमास जायचे असल्यामुळे त्यांचे अध्यक्षीय भाषण आधी घेण्यात आले. जे व्याख्यान अद्याप झाले नव्हते ते अत्यंत विद्वत्तापूर्ण झाले, असे सांगून अध्यक्ष गेले. त्यांच्या मागोमाग पुढच्या दोन रांगा गेल्या.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत शास्त्रज्ञ फॅरडे यांच्या काळापासून शुक्रवारी संध्याकाळी व्याख्याने होतात. तिथे वक्ता घड्याळाच्या ठोक्याला आत येतो, कोणीही त्याचा परिचय करून देत नाही, तो थेट विषयाला हात घालतो आणि तासाच्या ठोक्याला थांबतो. एक वक्ते आयत्या वेळी घाबरून पळाले, अशी आख्यायिका असल्यामुळे वक्त्याला आधी काही मिनिटे खोलीत कोंडून ठेवण्याची प्रथाही तिथे पडली. कोंडण्याची ही कल्पना मला फार आवडली. आपल्याकडे ती स्वीकारायला हरकत नाही, फक्त कोणाला कोंडायचे ते बदलावे लागेल.

सव्वासात वाजता वक्त्या उभ्या राहिल्या. आणलेल्या नव्वद चित्रांकडे एकदा आणि संयोजकांनी समोर ठेवलेल्या ‘१५ मिनिटे’ या चिठ्ठीकडे एकदा पाहून त्या किंचित हसल्या. इसवी सनापूर्वीच्या १६००पासून ७००पर्यंत इनामगावात वस्ती होती. म्हणजे वक्त्यांच्या जन्मापासून आजवरच्या काळाला बावीस मिनिटे आणि इनामगावच्या नऊशे वर्षांना पंधरा. पण काय ती पंधरा मिनिटे! तिथल्या शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी पाट खणला होता. जोर्वे पद्धतीची मडकी इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. लहान मूल गेले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीतच पुरीत. हे सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली आला आणि मागे मोबाईल चाळत बसलेली मुलेसुद्धा वर पाहू लागली. पुढे पाऊसमान बिघडले, चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि आता हे गाव का उठले ते कळणार, इतक्यात चिठ्ठी आली. तिच्यावर ‘आवरते घ्यावे’ असे लिहिलेले पहिल्या रांगेतून मला स्वच्छ दिसले. इनामगाव उठण्याआधी आम्ही उठलो.

याच सुमारास हजेरीचा कागद फिरला. विद्यार्थ्यांना उपस्थिती सक्तीची होती, त्यामुळे कागद जसजसा मागे सरकत गेला, तसतसे सभागृह त्याच्या पुढ्यात रिकामे होत गेले. रांगेत बसलो आहे म्हटल्यावर माझ्याही हातात तो आला; ‘रोल नंबर’च्या रकान्यात मी सवयीने निवृत्तिवेतनाचा क्रमांक लिहिला. त्या सत्रात माझी उपस्थिती सर्वाधिक भरल्याचे मला नंतर शिपाईमामांनी सांगितले. आभारप्रदर्शनात पोलीस, पत्रकार, विद्युत विभाग आणि ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ आभार मानले गेले. त्यातील अज्ञातांत मी आलो असे धरून मी बटाटेवड्याच्या टेबलाकडे वळलो. पण हजेरी दिलेली मुले तिथे केव्हाच पोहोचली होती.

मैफलीच्या दिवशी काडेपेटीचा पहिला प्रयोग झाला. समई एका काडीत पेटली आणि सूत्रसंचालिकेने ध्वनिक्षेपकावरून “काडेपेटीवाल्या काकांचे” आभार मानले. नवी इमारत उभी राहिल्यापासून तिथे इतक्या लवकर काही पार पडले नसावे. त्या जोरावर पुढचे वेळेत होईल, अशी मी आशा केली. पत्रिकेत ‘सायंकाळी ठीक ६, राग मारवा’ असे छापले होते आणि ज्याने हे ठरवले तो जाणकार होता, यात शंका नाही. कारण मारवा दिवेलागणीचा राग, त्याची हुरहूर सूर्य बुडतानाच लागते. गायिका पावणेसहालाच तानपुरे जुळवून बसल्या होत्या. मग सत्कार सुरू झाले. तबलावादकांनी हातोडीने तबला मिळवला, सत्कार झाला, तेवढ्यात तबला उतरला, त्यांनी तो पुन्हा मिळवला, पुढचा सत्कार झाला. खिडकीबाहेर सूर्य बुडाला, त्याच्यासाठी कोणीही गायले नाही. साडेसात वाजता गायिकेने बाहेरच्या काळोखाकडे पाहिले, साथीदारांच्या कानात काही सांगितले आणि यमन सुरू केला. अशा रीतीने पाच सत्कारांच्या ओघात मारव्याचा कोमल रिषभ, म्हणजे ‘रे’, शुद्ध झाला आणि मारव्यात ज्याला मज्जाव असतो तो पंचम, म्हणजे ‘प’, पुन्हा कामावर रुजू झाला. यमन सुरेख झाला, तक्रार त्याविषयी नाही. पण आणखी चार शाली शिल्लक असत्या तर आम्हांला थेट मध्यरात्रीचा मालकंस ऐकावा लागला असता. आणि मालकंसात रिषभही नसतो आणि पंचमही नसतो, दोघेही शेवटची बस पकडायला गेलेले असतात.

कविसंमेलनाविषयी मी थोडक्यात सांगतो. निमंत्रित कवी अठरा होते आणि श्रोते सतरा.

या महिन्याची यादी परवा लागली. ती फ्रिजवर चढली, लाल गोल झाले. पहिलेच व्याख्यान इनामगाव उठले त्या दुष्काळावर असून वक्त्या त्याच आहेत, म्हणजे राहिलेले उत्तर आता तरी मिळेल या आनंदात मी होतो, तेवढ्यात विभागातून शिपाईमामांचा दूरध्वनी आला. “काका, सोमवारी येताय ना?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “येणार म्हणजे काय! ठीक सहाला ना?” पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

“तुम्ही पाच पन्नासला या,” मामा म्हणाले, “पेटी घेऊन. बाकीच्यांना आम्ही सातचं सांगितलंय.”