एका पैशाचं पोतं

खांदा अजून ठणकतोय, तेव्हा आधीच सांगतो, हे काही शांत डोक्याने लिहिलेलं नाहीये.

परवा गावाहून वर्षाचे गहू आले, त्यातलं पहिलं पोतं 30 किलोचं. आम्ही चौथ्या मजल्यावर. लिफ्ट चालू आहे, अगदी झकास चालू आहे, पण कमिटीने आत नवा आरसा बसवलाय आणि बाहेर पाटी लावलीय, ‘लिफ्टमधून सामान नेऊ नये’. वॉचमन म्हणाला, साहेब, मला बोलणी बसतात. घेतलं मग पोतं खांद्यावर.

तिसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकलो. तिथे नाना राहतात. रिटायर्ड मास्तर, जन्मभर नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकवलं, आता दार सताड उघडं टाकून बनियनवर पेपर वाचत बसतात आणि जिन्यावरून कोण जातं ते बघतात.

“काय रे, थांबलास का?”

“दम लागला नाना.”

“म्हणजे आत्ता तू शून्य काम करतोयस.”

मला वाटलं टोमणा मारतायत. पण नाही, फिजिक्स होतं ते. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. पोतं जागचं हललं नाही म्हणजे विस्थापन शून्य, म्हणजे कार्य शून्य. मी म्हटलं, नाना, घाम बघा, मान बघा, नस तटतटलीय. तर म्हणे, “ते स्नायूंच्या आत चाललंय, पोत्याला त्याचं काय?” आणि खुर्चीतून उठले. मला वाटलं हात लावायला उठले. पेन आणायला उठले होते.

पेपरच्या कडेला गणित मांडलं. एम जी एच, म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. 30 गुणिले 9.8, गुणिले चार मजल्यांचे 12 मीटर. हे सगळं होईपर्यंत पोतं माझ्या खांद्यावर, कारण खाली ठेवलं तर परत उचलायला कोण येणार, आणि मी हूं हूं करत उभा, कारण लहानपणापासून मास्तर फळ्यावर लिहीत असले की हलायचं नाही ही सवय.

“3528 जूल!”

ऐकायला बरं वाटलं हो. साडेतीन हजार काहीतरी आपल्या नावावर. तर म्हणाले, कॅलरीत सांगू? 4184 जूल म्हणजे एक किलोकॅलरी. तुझी एकसुद्धा पुरी होत नाही. शरीर त्याच्या चार-पाच पट जाळतं म्हणा, पण उरलेली सगळी उष्णता ऊर्जा, तोच तुझा घाम. एका मारी बिस्किटात वीस-पंचवीस किलोकॅलरी असतात. म्हणजे बिस्किटाचा एक तुकडा.

मी म्हटलं, माझं स्वतःचं 82 किलो वजन पण मीच चढवलंय की. “ते तुझं तू कमावलंयस, त्याचा हिशोब वेगळा.”

मग विजेचं काढलं. एक युनिट म्हणजे 36 लाख जूल. तुझं सगळं कार्य युनिटाच्या हजाराव्या भागाएवढं. दहा रुपये युनिट धर, एक पैसा झाला.

एक पैसा! लिफ्टची मोटर थोडं वाया घालवते म्हणून चार पैसे धरा. महिन्याला अडीच हजार मेंटेनन्स भरणाऱ्या माणसाला कमिटी चार पैशांचं काम करू देत नाही, कारण आरसा. आणि हे चाललेलं असताना लिफ्ट आमच्या समोरून वर गेली, जाळीतून दिसलं, आत सेक्रेटरींच्या किराण्याच्या चार पिशव्या घेऊन डिलिव्हरीवाला पोरगा. ते सामान नसतं बहुतेक.

नाना तोवर पुढे गेले होते. डोक्यावर ओझं घेऊन सपाट जमिनीवर चालणारा हमालसुद्धा त्या ओझ्यावर शून्य कार्य करतो म्हणे, बल उभं आणि विस्थापन आडवं. हे मात्र मला झोंबलं. मार्केट यार्डात ट्रकपासून गाळ्यापर्यंत दिवसभर पोती वाहायची आणि शास्त्र सांगणार शून्य. नशीब, 1969 चा माथाडी कायदा फिजिक्सवाल्यांनी लिहिला नाही. हे मी बोललो नाही, बोलायला श्वास कुठे होता.

शेवटी निघालो तर मागून आवाज, “काम फुकट नाही जात रे! चौथ्यावर पोचलं की पोत्यात स्थितिज ऊर्जा साठली. कोयनेचं पाणी उंचावर साठवतात ना, तेच. गॅलरीतून सोडलंस तर सगळी गतिज होईल, खाली पोचताना ताशी 55 किलोमीटर वेग!”

आमच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली सेक्रेटरींची गाडी लागते. नवीन आहे. मी पोतं गॅलरीतच ठेवलं आणि कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत बसलो. बायको म्हणाली, आत घ्या ते, कबुतरं येतील.

संध्याकाळी बेल वाजली. दारात नाना, आज चक्क शर्ट घालून. एक मजला लिफ्टने आले होते.

“अरे, मी घाईत 9.8 धरलं. 9.81 घ्यायला हवं होतं. तुझे 3.6 जूल वाढले.”

बायकोने त्यांना कौतुकाने आत बसवलं, चहा दिला. सोबत मारी बिस्किटं. तीन खाल्ली त्यांनी, मी मोजली.