थुराम काही नाइट वॉचमन नव्हता

फुटबॉलचा वर्ल्ड कप किंवा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड मेसेज हमखास फिरायला लागतो. मला तो या खेपेला तीन ग्रुपवर आला, त्यातल्या एका ठिकाणी तर सकाळच्या सुविचाराच्या शेपटीला बांधून. मजकूर थोडक्यात असा: आफ्रिकेत जन्मलेला लिलियन थुराम हा फ्रान्सचा एक साधा डिफेंडर. देशाकडून १४२ सामने, गोल फक्त २, आणि तेही एकाच सामन्यात, १९९८च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला. म्हणजे सेमीफायनलला नशिबाने शतक ठोकणारा नाइट वॉचमनच. त्याआधी त्याला कुणी ओळखत नव्हतं, त्यानंतर तो कुठे दिसला नाही, आणि रिटायर झाल्यावर चर्चेत राहण्यासाठी वर्णद्वेषावर बोलायला लागला. खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि 'संधी एकदाच दार ठोठावते'.

यातले आकडे बरोबर आहेत. तेवढ्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातं.

जन्माचं आधी उरकून टाकू. थुराम १ जानेवारी १९७२ला ग्वादलूपमध्ये जन्मला. हे बेट कॅरिबियन समुद्रात आहे आणि कायद्याने फ्रान्सचाच भाग आहे. त्याची आई पोटापाण्यासाठी पुढे गेली आणि १९८१मध्ये मुलं तिच्याकडे पॅरिसच्या आसमंतात राहायला आली. फाँतेनब्लोजवळच्या आव्हाँ गावच्या वसाहतीत तो वाढला आणि फुटबॉल शिकला तो तिथल्या पोर्तुगीज स्थलांतरितांच्या क्लबात. आफ्रिकेचा संबंध म्हणायचा तर गुलामांच्या जहाजांतून आलेल्या पूर्वजांचा. पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एवढं मागे जायचं असेल, असं वाटत नाही.

आता ते दोन गोल. ८ जुलै १९९८, स्ताद द फ्रान्स, समोर क्रोएशिया. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. मध्यंतरापर्यंत गोल नाही. दुसरा हाफ सुरू होऊन मिनिटही झालं नसेल, तोच क्रोएशियाच्या आसानोविचचा पास त्यांचा स्ट्रायकर शूकरला मिळाला आणि शूकरने चेंडू जाळ्यात घातला. पास सुटताना स्ट्रायकर बचावफळीच्या पलीकडे असला तर ऑफसाइड होतो आणि गोल धरत नाहीत. मग शूकर ऑफसाइड का नव्हता? कारण फ्रान्सची बाकीची बचावफळी वर सरकली होती आणि एक जण मागेच राहिला होता. तो थुराम. फॉरवर्डमध्ये हे कुठेच नाही, खरं तर गोष्टीची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

पुढच्याच मिनिटाला क्रोएशियाच्या बॉक्सपाशी बोबान चेंडू घेऊन जरा रेंगाळला. राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा डिफेंडर म्हणून खेळणारा थुराम तिथपर्यंत जाऊन पोचला होता. त्याने बोबानच्या पायातून चेंडू काढला, आपल्या जोर्काएफला दिला, परत घेतला आणि तसाच मारला. १-१. मग सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास उजव्या बाजूला क्रोएशियाच्या यार्नीशी झटापट करून त्याने पुन्हा चेंडू मिळवला आणि बॉक्सच्या बाहेरून डाव्या पायाने लांबच्या पोस्टच्या आत वळवला. उजव्या पायाच्या माणसाने डाव्या पायाने मारलेला फटका, त्यात नशिबाचा वाटा असेल तर तो मी मान्य करतो. पण दोन्ही गोल सुरू कशाने झाले? दुसऱ्याच्या पायातला चेंडू काढण्याने. ते डिफेंडरचं रोजचं काम. नाइट वॉचमनला आपलं नसलेलं काम करायला पाठवतात, हा स्वतःचंच काम करत होता, फक्त नेहमीपेक्षा साठसत्तर मीटर पुढे जाऊन.

त्यानंतर फ्रान्सच्या ब्लाँला रेड कार्ड मिळालं आणि फ्रान्सने उरलेला वेळ दहा जणांत काढला. त्या पंधरा मिनिटांची क्लिप मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

'त्याआधी कुणी ओळखत नव्हतं' हे तर कहरच. मोनॅको क्लबात आर्सेन वेंगर मॅनेजर असताना तो पहिल्या संघात आला. १९९६ला इटलीतल्या पार्मा क्लबात गेला आणि त्याच मोसमात पार्मा इटालियन लीगमध्ये युव्हेंट्सच्या फक्त २ गुणांनी मागे, दुसऱ्या क्रमांकावर राहिली. गोलमध्ये कोवळा बुफॉन, पुढे कान्नावारो आणि थुराम. त्या काळच्या सेरी आमध्ये (हीच ती इटालियन लीग), म्हणजे बातिस्तुता, डेल पिएरो, नंतर ब्राझीलचा रोनाल्डो अशा गोल करणाऱ्यांसमोर, दर रविवारी हे तिघे उभे राहत. १९९७चा फ्रान्सचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून थुरामचीच निवड झाली होती. वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी, आणि झिदानसारखा स्टार त्याच पिढीत असताना. याला अनोळखी म्हणायचं तर ओळखीचं कुणाला म्हणायचं?

१९९८च्या त्या स्पर्धेत फ्रान्सने ७ सामन्यांत २ गोल खाल्ले. एक डेन्मार्कच्या लाउड्रुपचा पेनल्टीवर, दुसरा शूकरचा. बक्षीस देताना थुरामला स्पर्धेतल्या तिसऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा ब्राँझ बॉल मिळाला. त्याच्या पुढे फक्त रोनाल्डो आणि शूकर, दोघेही स्ट्रायकर.

आणि 'त्यानंतर दिसला नाही'? १९९९ला पार्माकडून यूएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, अंतिम सामन्यात मार्सेयवर ३-०. २०००ला फ्रान्सकडून युरो. २००१च्या उन्हाळ्यात युव्हेंट्सने झिदानला विकलं आणि बुफॉन व थुराम दोघांनाही पार्माहून उचललं, मग लागोपाठ २ लीग जिंकल्या. नंतर आणखी २ लीग मैदानावर जिंकल्या, पण सामनाधिकाऱ्यांच्या नेमणुकीच्या घोटाळ्यात कागदावरून गेल्या. २००४ला त्याने फ्रान्सचा निरोप घेतला आणि वर्षभराने झिदान, माकेलेले यांच्यासोबत परतला. २००६च्या वर्ल्ड कपला चौतीस वर्षांचा थुराम सेंटर बॅकला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, गालासच्या शेजारी खेळला. फ्रान्सने ७ सामन्यांत ३ गोल खाल्ले, त्यातले २ पेनल्टी आणि कॉर्नरवरचे. ब्राझीलसमोर एकही नाही, पोर्तुगालसमोर एकही नाही. मला विचाराल तर ती स्पर्धा त्याच्या १९९८पेक्षा वरचढ होती, पण त्यात गोल नसल्यामुळे तिचा फॉरवर्ड होत नाही. १४२ सामन्यांचा विक्रम पुढे १४ वर्षं टिकला. २०२२ला कतारमध्ये तो मोडला गोलकीपर लोरीसने.

तो रिटायर का झाला याबद्दल फॉरवर्ड गप्प आहे, म्हणून एका वाक्यात: २००८ला बार्सिलोनाहून पॅरिस सें-जर्मेंला जायचं ठरत असताना तपासणीत हृदयाचा दोष आढळला आणि त्याने तिथेच बूट काढले.

राहिला वर्णद्वेषाचा मुद्दा, आणि इथे मला खरा राग आला. त्याची वर्णद्वेषाविरुद्धची संस्था २००८ची, हे खरं. पण २००५ला पॅरिसच्या उपनगरांत दंगली पेटल्या आणि गृहमंत्री सार्कोझींनी तिथल्या पोरांबद्दल काढलेले उद्गार गाजले, तेव्हा मीही तसल्याच वस्तीत वाढलोय असं जाहीरपणे सुनावणारा थुराम युव्हेंट्सकडून खेळत होता आणि फ्रान्सच्या संघातही होता. २००६च्या ऑगस्टमध्ये पॅरिसजवळच्या काशाँ इथल्या एका जुन्या वसतिगृहातून स्थलांतरित कुटुंबांना पोलिसांनी बाहेर काढलं. ६ सप्टेंबरला फ्रान्स-इटली सामना होता, वर्ल्ड कप फायनलनंतर दोन महिन्यांच्या आत. थुराम आणि संघातला त्याचा साथीदार व्हिएरा यांनी त्या बेघर लोकांना सामन्याची तिकिटं दिली. सत्ताधारी पक्षातून ओरड झाली. ते लोक आले, स्टँडमध्ये बसले. खाली सेंटर बॅकला थुराम खेळत होता. फ्रान्सने ३-१ जिंकलं. दोन गोल गोव्हूचे, एक ऑन्रीचा.