वरची माती कशाला घेतली?

परवा रात्री यावलजवळ मामाच्या शेताच्या बांधावर मला केबलचोर ठरवण्यात आलं. माझ्याजवळ होती ती चार इंची दुर्बीण, आणि मोटारीची केबल कापायला कोणी तिपाई लावून बसत नाही, पण हे ऐकून कोण घेतो.

शोधत होतो बॅबकॉकचा तारा. उत्तरेला सातपुड्याच्या वर, शर्मिष्ठा आणि हंस यांच्यामध्ये सरठ नावाचा फिक्कट तारकासमूह आहे, सतराव्या शतकात हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने रिकाम्या राहिलेल्या जागेत बसवलेला, त्यात हा. ताऱ्याच्या प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तो फिक्कट, उघड्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचं दिसतं आणि हा जवळपास नवव्या प्रतीचा, म्हणजे अंधाराला डोळे सरावेपर्यंत अर्धा तास डास चावून घ्यायचे मग कुठे. तारा सापडला, आणि नेमका तेव्हाच टॉर्च थेट तोंडावर.

"कोन हाये रे तठी?"

शेजारच्या शेतातले आप्पा. थ्री फेज लाईट रात्रीची, म्हणून मोटार चालू करायला आलेले. मी मामाचं नाव सांगितलं तर म्हणे चोरबी नावं सांगतात. मग स्वतःच दुर्बिणीत डोकावले, टॉर्च चालूच.

"मले त काहीच दिसू नाही राह्यलं."

"आप्पा, टॉर्च बंद करा."

"आन् मंग कसं दिसीन?"

कसाबसा बंद करवला. "हां, टिपका हाये एक. नाव काय याचं?" मी म्हटलं, एचडी 215441. "गट नंबर हाये का?" मी हो म्हणून टाकलं. खोटं काय त्यात, हेन्री ड्रेपर यादीत सव्वादोन लाख ताऱ्यांना असेच नंबर आहेत आणि त्यांची वर्गवारी मुख्यतः ॲनी जंप कॅनन या बाईंनी केली, 1918 ते 1924 मध्ये छापूनही झाली, आमची वारसनोंद अजून टेबलावरून हललेली नाही. असो.

"आन् याच्यात इशेष काय?"

मी खूश. सांगितलं की याच्यावर सिलिकॉन प्रमाणाबाहेर आहे. "कोन गेलतं पाहाले?" म्हटलं, जावं लागत नाही, पृष्ठभागावरून प्रकाश येतो, तो रंगांत फोडला की त्या रंगपट्ट्यातल्या रेघांवरून कळतं. आप्पा बांधावर बसले, तंबाखू मळली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की बारावीच्या निकालाच्या दिवशी बाबांनीही पाहिलं नव्हतं.

"म्हंजे वरची माती घेतली. माती परीक्षणाले वरची माती कोनी घेतं का भो? वरचं खरडून फेकायचं, व्हीसारखा खड्डा करायचा, मंग माती घ्यायची. अन् केळीले त अजून खालची. तुमच्या सायबाले कोनी सांगितलं नाही?"

चीड ही की मुद्दा बरोबर होता. 1970 मध्ये जॉर्ज मिशो या खगोलशास्त्रज्ञाने जे मांडलं ते हेच, अशा संथ फिरणाऱ्या ताऱ्याचं वातावरण इतकं शांत असतं की काही मूलद्रव्यांना प्रकाशच वर ढकलत नेतो, काही खाली बसतात, म्हणजे विचित्रपणा वरच्या थरातला, आत साधा ताराच. मी चुंबकत्वाकडे वळलो. 1960 मध्ये खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉकना या ताऱ्यावर 34,000 गॉसचं चुंबकीय क्षेत्र सापडलं, पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस. दवाखान्यातलं नेहमीचं एमआरआय मशीन 15,000 चं, त्याच्या दुपटीहून जास्त, असं म्हणालो मात्र, आप्पांनी सुनेच्या एमआरआयचं बिल काढलं, मग केळीचा भाव, मग व्यापारी कट्टी कशी लावतो, मग जावई. तारा तेवढ्या वेळात दुर्बिणीतून सरकून गेला.

परत शोधू म्हटलं तर आप्पा मोटार चालू करून आले आणि पोराला अंधारात दिसत नसेल म्हणून मायेने शेडवरचा हॅलोजन लावून गेले. असंही गावाच्या बाजूला हायमास्ट आणि केळी पॅकिंगचे एलईडी यांनी आकाश पांढरं केलेलंच आहे, त्यावर बोलायला गेलं की लोक म्हणतात विकास नको का तुम्हाला.

सकाळी मामाचा फोन. आवाज जरा थंड. गावात झालेलं असं की भाचा रात्री तिपाई लावून गट नंबर पाहत होता, मातीचंही विचारत होता, तर बहिणीला हिस्सा पाहिजे असेल तर तिने सरळ बोलावं, अशी चोरून मोजणी कशाला. आईने सकाळपासून मला चहा विचारलेला नाही.